डबस्टेपची रात्र: आधी सब लावा, मग पोस्टर

कार्यक्रम ठरला की बहुतेक जण कलाकार, पोस्टर आणि लाइटच्या मागे लागतात. सुरुवात सबपासून, म्हणजे सगळ्यात खालचा बेस वाजवणाऱ्या सबवूफर स्पीकरपासून करा. डबस्टेप हे इलेक्ट्रॉनिक संगीत २००० नंतर दक्षिण लंडनमध्ये, क्रॉयडनच्या आसपास घडलं आणि ते मोठ्या साउंड सिस्टिमसाठीच घडलं. वेग मिनिटाला १४० ठोके, पण स्नेअर ड्रमचा फटका तिसऱ्या ठोक्यावर पडतो, त्यामुळे चाल ७० ची वाटते. मधल्या मोकळ्या जागेत ४०-५० हर्ट्झचा बेस वाजतो. तो अंगापर्यंत पोचला नाही, तर उरते नुसती टिकटिक.

साउंडवाल्याला ‘बेस जास्त हवा’ एवढं सांगून भागत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत जो छातीवर बसतो तो धक्का बराचसा वरच्या बेसचा असतो. इथे त्याच्या खालचा भाग हवा. १५० माणसांच्या हॉलला १८ इंची चार सब आणि त्यांच्या वरचे सूर वाजवणारे दोन टॉप स्पीकर मागा, क्रॉसओव्हर (सब आणि टॉपमधली सुरांची वाटणी) ८०-९० हर्ट्झवर ठेवा. ३० हर्ट्झच्या खालचं सगळं हाय-पास फिल्टरने कापा. पोर्टच्या, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेल्या पेटीत त्याखाली स्पीकरचा कोन (पडदा) मोकाट हलतो. आवाज वाढत नाही, स्पीकर मात्र जातो. ठरवायच्या आधी गोदामात जाऊन ४० हर्ट्झचा सूर वाजवून बघा. पेटी फरफरली तर ती नको.

चारही सब स्टेजसमोर मध्यभागी, एकमेकांना चिकटून ठेवा. दोन डावीकडे, दोन उजवीकडे ही मांडणी दिसायला छान, पण ५० हर्ट्झची लाट सुमारे ७ मीटर लांब असते. जिथे एका बाजूचे सब दुसऱ्यांपेक्षा साडेतीन मीटर जवळ पडतात, तिथे दोन्ही लाटा एकमेकींना खोडतात. तिथल्या माणसाला बेसच मिळत नाही. मग फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) वर जातो आणि मधल्यांचं डोकं उठतं. सब एकेक करून चालू करा. दुसरा जोडल्यावर आवाज कमी झाला, तर त्याची पोलॅरिटी (अधिक-उण्याची जोडणी) उलटी आहे. मग ५० हर्ट्झचा सूर लावून सगळा हॉल पायी फिरा.

टर्नटेबल असेल तर टेबलावर फोम, फोमवर शहाबादी फरशी आणि फरशीवर टर्नटेबल. थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवून आवाज कार्यक्रमाइतका वाढवा. हुंकार सुरू झाला, तर कंपन सुईत शिरतंय. टेबल सबपासून लांब घ्या.

लाइव्ह वाजवणाऱ्यांचं खरं दुखणं म्हणजे हम, विजेच्या जोडणीतून स्पीकरमध्ये येणारी घरघर. लॅपटॉप आणि सिंथचं आउटपुट ट्रान्सफॉर्मरवाल्या डीआय बॉक्समधून (वाद्य आणि मिक्सरच्या मधली छोटी डबी) घ्या आणि गरज पडली तर त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे ऑडिओ केबलचं ग्राउंड तोडणारं बटण दाबा. चार्जरची अर्थिंगची पिन कधीही तोडू नका, जीव जातो. ऑडिओची सगळी उपकरणं एकाच फेजवर ठेवा, डिमर आणि लाइट दुसऱ्यावर. केबल, जॅक, टेप पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळतात. प्रत्येक केबल जोडीनं घ्या. मिडी क्लॉक (सगळ्या यंत्रांना एका वेगात ठेवणारा इशारा) एकाच यंत्राकडून द्या, दोन मालक झाले की ठेका घसरतो. डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) हातानं लावायचा असेल तर १४० ला एक ठोका ४२९ मिलिसेकंदांचा.

साउंडचेक उलट्या क्रमानं घ्या: शेवटचा कलाकार आधी, पहिला शेवटी. म्हणजे दारं उघडतात तेव्हा पहिल्याची मांडणी तशीच तयार असते. प्रत्येकाला वेगळं टेबल, आधीच जोडलेलं. दोन लाइव्ह सेटच्या मध्ये २० मिनिटं डीजे ठेवा.

कागदपत्रांत आयपीआरएस आणि पीपीएलचे परवाने वेगवेगळे असतात: एक गीत-संगीताच्या रचनेसाठी, दुसरा ध्वनिमुद्रणासाठी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र १० पासून धरली आहे आणि व्यापारी भागात तेव्हाची मर्यादा ५५ डेसिबल ए. इथे एक फसगत होते. ‘ए’ म्हणजे ए-मापन, ते खालचे सूर कमी धरतं. ५० हर्ट्झला ते सुमारे ३० डेसिबल कमी मोजतं, त्यामुळे मीटर शांत असतो आणि शेजारच्या खिडक्या थरथरत असतात. कोरेगाव पार्क असो की मुंढवा, सी-मापनावर (ते खालचे सूर फारसे कमी धरत नाही) ठेवलेला मीटर घेऊन बाहेर सगळ्यात जवळच्या घराच्या भिंतीपर्यंत जा आणि त्या भिंतीला हात लावून बघा. हाताला कंपन लागलं, तर सबचा फेडर तीन डेसिबल खाली आणा आणि परत जाऊन हात लावा.