वॉर्डातला उमेदवार पक्षातच मतदानानं कसा ठरवायचा

शिवाजी पेठेत तीस वर्षं पक्षाचं काम केलं, म्हणून सांगतो. आधी पद्धत ओळखा. चिन्ह एबी फॉर्मवर, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या पत्रावर मिळतं, त्यामुळं तो ज्याच्या हातात त्याच्याकडंच इच्छुकांची रांग लागते. निवडून आल्यावरही १९८६ च्या राज्याच्या पक्षांतरबंदी कायद्यानं नगरसेवक पक्षादेशाला बांधलेला. फिनलंडात मतदार पक्षाच्या यादीतल्या एकाच उमेदवाराला मत देतो; कोण वर येणार हे नेता एकटा ठरवू शकत नाही. जर्मनीत तर उमेदवार सदस्यांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधींनी गुप्त मतदानानंच निवडायचा, असा कायदा आहे.

आपल्याकडं तशी सक्ती नाही, पण मनाईही नाही. सदस्ययादी दोन महिने आधी बंद करा. आमच्या वॉर्डात एकदा आदल्या रात्री नवी नावं घुसली आणि जुनी माणसं कायमची दुखावली, ते मला अजून सलतं. तालमीच्या हॉलमध्ये पेटी ठेवा, चिठ्ठी घडी घालूनच टाकायची. हात वर करून मत अजिबात घेऊ नका. साहेब समोर बसल्यावर कोण विरोधात हात करणार? मोजणी तिथंच, आकडे फळ्यावर. आणि हरलो तरी बंडखोरी करणार नाही, हे प्रत्येक इच्छुकाकडून मतदानाआधीच लिहून घ्या.