पॅनक्रियाज दोन चॅप्टरमध्ये तोडून वाचू नका : फर्स्ट इयरवाल्यांसाठी माझा अनुभव

मी आता एमबीबीएसच्या सेकंड इयरला आहे. फर्स्ट इयरच्या फिजिऑलॉजीत मला सगळ्यात जास्त नडलं ते पॅनक्रियाज, म्हणजे आपलं स्वादुपिंड. इंटर्नलच्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मॅडमनी विचारलं, ग्लुकोज तोंडाने दिलं आणि दुसऱ्या वेळी शिरेतून देऊन रक्तातली साखर तेवढीच वाढवली, तर इन्सुलिन जास्त कधी सुटेल? मी लगेच म्हटलं शिरेतून, थेट रक्तातच जातंय ना. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तू जीआय आणि एन्डोक्राइन वेगवेगळं वाचलंयस, परत एकदा एकत्र वाच." आणि खरंच तसंच होतं, जीआय म्हणजे पचनसंस्था वाचली ऑगस्टमध्ये, एन्डोक्राइन म्हणजे हॉर्मोन्सचा भाग दिवाळीनंतर, मधे सगळं धुऊन निघालं.

मग मी एक कोरा कागद घेतला आणि त्यावर कॅन्टीनचा वडापाव ठेवला, म्हणजे नुसता लिहिला. पावात आणि बटाट्यात स्टार्च, बेसनात प्रोटीन, तळणीचं तेल म्हणजे फॅट, सगळं एकाच घासात मिळतं. त्या घासामागे जायचं आणि प्रत्येक ठिकाणी तीनच प्रश्न विचारायचे, ऑर्डर कोणी दिली, सोडलं कोणी, थांबवलं कोणी.

वडा तळल्याचा वास आला की मेंदूकडून पोटाकडे जाणारी व्हेगस नर्व्ह कामाला लागते आणि पॅनक्रियाजमधून थोडे एन्झाइम तेव्हाच सुटायला लागतात. पण खरी गर्दी ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात. जठरातून आंबट लगदा आला, पीएच साधारण 4.5 च्या खाली गेला की तिथल्या एस सेल्स सिक्रिटिन नावाचं हॉर्मोन सोडतात, ते रक्तातून फिरून पॅनक्रियाजच्या डक्टच्या (नळीच्या) पेशींना सांगतं की पाणी आणि ॲसिड मारणारं बायकार्बोनेट सोडा. तेल आणि बेसनाचं प्रोटीन दिसलं की आय सेल्स सीसीके (कोलेसिस्टोकायनिन) हे दुसरं हॉर्मोन सोडतात, त्यावर पॅनक्रियाजच्या एन्झाइम बनवणाऱ्या असिनर सेल्स एन्झाइम ओततात आणि त्याच हाकेला पित्ताशयही आकुंचन पावतं. दिवसाला असा 1 ते 1.5 लिटर रस तयार होतो. आता थांबवतं कोण? ॲसिड न्यूट्रल झालं की सिक्रिटिनचं कारणच संपलं. मी हा बाण कागदावर उलटा काढला तेव्हा फीडबॅक हा शब्द मला पहिल्यांदा नीट कळला.

इथे 1902 चा बेलिस आणि स्टार्लिंग या फिजिऑलॉजिस्टांचा लंडनमधला, सिक्रिटिनचा प्रयोग नक्की वाचा. त्यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याच्या नर्व्ह तोडल्या, त्यात ॲसिड घातलं, तरी पॅनक्रियाजमधून रस आलाच, मग आतड्याचं आतलं अस्तर खरवडून ॲसिडमध्ये वाटलं, गाळून शिरेत टोचलं, परत रस आला. निरोप रक्तातून जातोय हे तिथे पहिल्यांदा सिद्ध झालं, हॉर्मोन हा शब्द नंतर 1905 साली आला. वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

ट्रिप्सिन या प्रोटीन पचवणाऱ्या एन्झाइमवर मात्र जरा जास्त वेळ द्या. असे एन्झाइम पेशीतून झोपलेल्या, म्हणजे इनॲक्टिव्ह रूपात निघतात. झोपलेल्या ट्रिप्सिनला, म्हणजे ट्रिप्सिनोजेनला, आतड्याच्या अस्तरावरचं एन्टेरोकायनेज जागं करतं, मग ट्रिप्सिन बाकीच्यांना उठवतं. ही साखळी पॅनक्रियाजच्या आतच सुरू झाली तर ते स्वतःलाच पचवायला लागतं. वॉर्डात पॅनक्रियाटायटिसचे (पॅनक्रियाजला सूज आलेले) एक काका पाहिले, पोटाशी उशी धरून पुढे वाकून बसलेले, आडवं झालं की कळ पाठीत जायची. तेव्हापासून इनॲक्टिव्ह फॉर्म हे शब्द मी कधीच विसरलो नाही.

आता आयलेट्स, म्हणजे पॅनक्रियाजमधले हॉर्मोन बनवणारे पेशींचे पुंजके. ग्रंथीच्या जेमतेम 1 ते 2 टक्के, पण जीव त्यांच्यात. त्यातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा सेलमध्ये ग्लुकोज शिरतं, एटीपी (पेशीचं इंधन) वाढतं, पोटॅशियम चॅनल बंद, पेशी डीपोलराइज होते, म्हणजे तिच्या पडद्यावरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत, इन्सुलिन बाहेर. हा क्रम मी दहा वेळा पाठ केला आणि दहा वेळा विसरलो, मग डोक्यात बसला तो आजीमुळे. ती ग्लिमेपिराइड ही डायबिटीसची गोळी घेते. एका एकादशीला गोळी घेतली आणि दुपारपर्यंत नुसत्या चहावर राहिली. मी घरी होतो, हात थरथरत होते, पदर घामाने ओला, ग्लुकोमीटरवर साखर फक्त 52. गूळ-पाणी दिलं, शेजारच्या डॉक्टरकाकांना बोलावलं, ती सावरली. ती गोळी तेच पोटॅशियम चॅनल बंद करते, आणि रक्तात साखर आहे की नाही ते बघत नाही. आयलेट्समधल्याच अल्फा सेल्सचं ग्लुकॅगॉन हे हॉर्मोन अशा वेळी लिव्हरला साखर सोडायला लावतं, पण इन्सुलिन सुटतच राहिलं तर ते पुरं पडत नाही. तुमच्या घरात कोणी ही गोळी घेत असेल तर उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं हे त्यांच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, प्लीज.

आणि मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर, तोंडाने. कारण ग्लुकोज आतड्यातून जाताना तिथल्या पेशी जीएलपी-1 आणि जीआयपी ही हॉर्मोन्स सोडतात आणि ते बीटा सेलला जास्तीचं इन्सुलिन सोडायला लावतात. शिरेतून दिलं की आतड्याला पत्ताच लागत नाही. माझ्या कागदावर हा शेवटचा बाण ड्युओडेनमपासून थेट आयलेटपर्यंत गेला, लाल पेनने, आणि फायनलच्या व्हायवाला मी तोच कागद डोळ्यासमोर आणून बोललो.