सहकाऱ्यांच्या कामाची एकमेकांना खबर कशी राहील?

दिवाळी अंकाचे संपादन पणजीत, मुद्रितशोधन फोंड्यात आणि मांडणी म्हापशात चालली असेल, तर ‘कुठवर आलं?’ हे विचारण्यातच पुष्कळ वेळ जातो. काम करता करताच त्याची खबर इतरांना लागावी, अशी व्यवस्था केल्यास ही विचारपूस बरीच कमी होते. इतरांच्या हालचालींची जी जाण आपल्या कामाला संदर्भ पुरवते, तिचे महत्त्व पॉल डोरिश आणि व्हिक्टोरिया बेलोटी या संशोधकांनी १९९२ मध्ये मांडले होते.

प्रथम कोणाला काय कळायला हवे, ते ठरवा. मांडणी करणाऱ्याला लेखाचे सगळे खर्डे नकोत. मजकूर अंतिम झाला का आणि त्याची लांबी बदलणार का, एवढेच त्याला हवे असते.

एकाच खोलीत बसत असाल, तर महत्त्वाचे बोलणे शेजाऱ्याच्या कानावर पडू द्या. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नियंत्रण कक्षाचा अभ्यास करताना ख्रिश्चन हीथ आणि पॉल लफ यांना असे दिसले, की नियंत्रकाचे चालकाशी चाललेले बोलणे ऐकूनच शेजारचा कर्मचारी, कोणी न सांगता, प्रवाशांसाठी घोषणा करतो. तुमच्याकडेही ‘बाराव्या पानावरची जाहिरात रद्द ना?’ हे फोनवरचे वाक्य मोठ्याने उच्चारले, तर मांडणीकार लगेच ते पान बाजूला ठेवील.

गावे वेगळी असतील, तर ईमेलने प्रती फिरवू नका. सर्वांनी एकाच सामायिक फाइलवर काम करावे. गूगल डॉक्समध्ये दुसऱ्याचा कर्सर दिसतो खरा, पण तो माणूस कुठे आहे एवढेच सांगतो, त्याच्या मनात काय आहे ते सांगत नाही. म्हणून मोठा बदल करण्याआधी ‘हा परिच्छेद वगळण्याचा विचार आहे’ अशी टीप तिथेच लिहा, आणि काम खाली ठेवताना फाइलच्या माथ्यावर ‘मुद्रितशोधन पान १४ पर्यंत झाले, दोन शंका लेखकाकडे’ अशी एक ओळ ठेवा. माझ्या मते ही एक ओळ लांबलचक बैठकीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

चवथीला माणसे आपापल्या गावी जातात आणि नेमके तेव्हाच अंकाचे काम रंगात आलेले असते. परतलेल्यांना प्रत्येक स्वल्पविरामाची सूचना पाठवू नका, कारण सूचनांचा मारा झाला की त्या कोणीच पाहत नाही. काय बदलले आणि का, एवढेच त्यांच्यासाठी नोंदवून ठेवा.

नजर कामावर ठेवा, माणसावर नको. कोण किती वाजता ऑनलाइन होता याचा हिशेब सुरू झाला, की लोक अर्धवट खर्डे लपवू लागतात. ऑनलाइन असल्याची खूण बंद ठेवण्याची मुभा द्या आणि त्याऐवजी आपण पुन्हा केव्हा उपलब्ध होऊ, तेवढे प्रत्येकाने लिहून ठेवावे.