एटीव्हीचे इंजिन मिसिंग मारत असेल तर: कार्ब्युरेटरमधला दोष शोधण्याची रीत

बरेच दिवस उभी राहिलेली एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी, हँडल असलेली गाडी) बाहेर काढली की बहुतेक वेळा तक्रार ठरलेली असते: चोक ओढल्यावर इंजिन चालू होते, चोक सोडताच बंद पडते, आणि कसेबसे चालू राहिलेच तर रेस देताना भकभक करून मिसिंग मारते. अशा वेळी लगेच कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारा भाग) खोलून सगळे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्रांचे पितळी तुकडे, धुऊन काढण्याचा मोह होतो. माझा आग्रह मात्र असा आहे की पाना हातात घेण्यापूर्वी इंजिन नेमके किती थ्रॉटलला बिघडते, ते नीट पाहावे. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल एकाच वाटेने जात नाही. थ्रॉटल बंद असल्यापासून साधारण अष्टमांश उघडेपर्यंत ते मुख्यतः स्लो जेटमधून येते, पाव ते पाऊण थ्रॉटलच्या टप्प्यात निडल, म्हणजे वर-खाली होणारी निमुळती सुई, त्याचे प्रमाण ठरवते आणि पाऊणच्या पुढे मेन जेटचा अंमल सुरू होतो. हे टप्पे एकमेकांत थोडे मिसळलेले असतात, तरीही बिघाड कोणत्या टप्प्यात आहे हे कळले की शोध निम्म्याहून अधिक संपलेला असतो.

यासाठी अंगठ्याने दाबायच्या थ्रॉटलवर आणि त्याच्या शेजारच्या स्थिर भागावर टेपची एकेक बारीक पट्टी चिकटवावी आणि त्यांवर पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा कराव्यात. इंजिन गरम झाल्यावर मोकळ्या, सपाट जागेत प्रत्येक खुणेवर काही सेकंद स्थिर राहून गाडी चालवावी. इंजिनाच्या आवाजावरून थ्रॉटल किती उघडला आहे याचा अंदाज अनुभवी माणसाचाही चुकतो. टेपची खूण चुकत नाही.

यानंतर चोकची परीक्षा घ्यावी. ज्या टप्प्यावर इंजिन अडखळते तिथेच चोक थोडासा ओढला असता ते सुधारले, तर पेट्रोल कमी पडते आहे, म्हणजेच मिश्रण लीन आहे. उलट ते अधिकच गुदमरले, तर पेट्रोल जास्त होते आहे, म्हणजेच मिश्रण रिच आहे. लीन इंजिनाची आणखी लक्षणे म्हणजे रेस सोडल्यावर ती लगेच खाली न येणे, स्लोमध्ये वर-खाली होत राहणे आणि सायलेन्सरमधून फटफट आवाज येणे. रिच इंजिन काळा धूर सोडते, थंड असताना बरे चालते आणि गरम होत जाते तसे मंदावते. प्लग काढून पाहिला तर लीन इंजिनाचा प्लग पांढरट आणि कोरडा, तर रिच इंजिनाचा काजळी धरलेला दिसतो. प्लग फार जुना असेल तर तो बदलूनच पुढे जावे.

कार्ब्युरेटरकडे वळण्याआधी चार गोष्टी तपासायला अर्धा तासही लागत नाही. पहिली गोष्ट म्हणजे पेट्रोल. कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणारी फ्लोटची वाटी असते; तिच्याखालचा ड्रेन स्क्रू सोडून थोडे पेट्रोल काचेच्या बरणीत घ्यावे आणि पाच मिनिटे स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर किंवा पाण्याचे मणी दिसले, किंवा पेट्रोलला जुन्या वॉर्निशसारखा वास आला, तर टाकी पूर्ण रिकामी करणे भाग आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात. इंजिनाकडे जाणारी नळीही टाकीच्या तळाशीच असते.

दुसरी गोष्ट म्हणजे पेट्रोलचा प्रवाह. ड्रेन स्क्रू उघडा ठेवून टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू केला असता धार अखंड वाहिली पाहिजे. ती काही क्षणांत थेंबांवर आली तर कॉकची जाळी, मधला फिल्टर किंवा फ्लोट निडल (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुई) यांपैकी कुठेतरी अडथळा आहे. मात्र काही गाड्यांचा कॉक इंजिनाच्या व्हॅक्यूमवर उघडतो, आणि इंजिन बंद असताना त्यातून पेट्रोल न येणे हा दोष नव्हे. तिसरी गोष्ट टाकीच्या झाकणाची हवेची नळी. ती बंद झाली तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरायचे थांबते. एका गाडीचा कार्ब्युरेटर मी दोनदा उतरवून साफ केला होता, आणि दोन्ही वेळा ती दहा-पंधरा मिनिटे छान चालून बंद पडली. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा टाकीचे झाकण उघडताच सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला आणि पुढच्या क्षणी इंजिन चालू झाले. हँडलच्या खोबणीत खोचलेली ती बारीक नळी मुडपली गेली होती. त्या दिवसापासून मी ही तपासणी कधीच टाळत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे हवेचा मार्ग. उभ्या गाडीच्या एअर बॉक्समध्ये उंदीर घरटे करतात, आणि तेलाने जड झालेला फोमचा फिल्टरही इंजिनाचा श्वास कोंडतो, त्यामुळे झाकण उघडून आत पाहावे. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधले रबर वाकवून त्याच्या घड्यांत भेगा आहेत का, तेही पाहावे. शंका असल्यास इंजिन स्लोमध्ये ठेवून त्या रबराभोवती पाण्याचा अगदी बारीक फवारा मारावा. इंजिनाचा आवाज बदलला तर तिथून हवा ओढली जात आहे. याच कामासाठी पेट घेणारा क्लीनर फवारण्याची सवय अनेकांना असते. तापलेल्या सायलेन्सरशेजारी तसे करणे मला मुळीच मान्य नाही. ही सर्व कामे उघड्यावरच करावीत, कारण बंद शेडमध्ये चालू इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा ठरतो आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते.

एवढे करूनही दोष कायम असेल तर कार्ब्युरेटर उतरवावा. इंजिन थंड होऊ द्यावे, कॉक बंद करावा, प्रत्येक नळी कुठे लागते त्याचे फोटो घ्यावेत आणि बाहेरची माती आधी धुऊन काढावी. केहिन आणि मिकुनी या जपानी कार्ब्युरेटरांचे स्क्रू साध्या स्टारचे दिसले तरी बहुधा जेआयएस, म्हणजे जपानी मानक, मापाचे असतात. साधा स्क्रूड्रायव्हर त्यांच्यात पूर्ण बसत नाही, फिरवताना वर सरकतो आणि डोके गुळगुळीत करून टाकतो. योग्य टोकाचा स्क्रूड्रायव्हर मिळेपर्यंत थांबणे केव्हाही चांगले.

वाटी उघडल्यावर तळाशी हिरवट किंवा तपकिरी चिकट थर दिसला तर दोषी बहुतेक वेळा स्लो जेटच असतो. त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते आणि पेट्रोल वाळले की सर्वांत आधी तेच बुजते. चोकवर चालणाऱ्या आणि चोक सोडताच बंद पडणाऱ्या गाड्यांचे मूळ मला सर्वाधिक वेळा याच छिद्रात सापडले आहे. जेट दोन बोटांत धरून उजेडाकडे करावा. स्वच्छ जेटमधून गोल, कडा रेखीव असलेला प्रकाशाचा ठिपका दिसतो. अर्धवट बुजलेल्यातूनही प्रकाश येतो, पण तो ठिपका चपटा, धूसर किंवा एका बाजूने खाल्लेला दिसतो, आणि नेमके इथेच अनेक जण प्रकाश दिसला म्हणून जेट तसाच परत बसवतात. तो काही तास क्लीनरमध्ये भिजत ठेवावा आणि मग दाबाची हवा मारावी. तरीही न सुटल्यास विजेच्या वायरीतला तांब्याचा एकच केसासारखा तंतू हलक्या हाताने फिरवावा. पोलादी तार किंवा ड्रिल पितळेचे छिद्र मोठे करते, आणि एकदा मोठे झालेले छिद्र पुन्हा लहान होत नाही.

जेटइतकेच महत्त्व त्याच्या मागच्या वाटांना आहे. पायलट स्क्रू (स्लोचे मिश्रण ठरवणारा स्क्रू) हलकेच आत बसेपर्यंत किती फेरे लागतात ते मोजून लिहून ठेवावे, मग तो स्क्रू, स्प्रिंग, वॉशर आणि ओ-रिंग सगळे बाहेर काढावे. शेवटचे दोन तुकडे आतच चिकटून राहतात आणि दाबाच्या हवेने उडून हरवतात. त्यानंतर, डोळ्यांना गॉगल लावूनच, स्लो जेटच्या जागेतून क्लीनर सोडावा. थ्रॉटलच्या चकतीजवळच्या बारीक छिद्रांतून आणि पायलट स्क्रूच्या छिद्रातून सारख्या धारा बाहेर आल्या तरच ती वाट मोकळी झाली असे समजावे. क्लीनर वापरण्यापूर्वी रबराचा प्रत्येक भाग बाजूला ठेवावा, कारण त्याने ओ-रिंग आणि डायफ्रॅम (रबराचा पातळ पडदा) फुगतात.

इंजिन स्लोमध्ये उत्तम चालते पण अर्ध्या थ्रॉटलच्या वर चढतच नाही, अशी तक्रार असेल तर वरचे झाकण काढून डायफ्रॅम पाहावा. डायफ्रॅम असलेल्या कार्ब्युरेटरमध्ये व्हॅक्यूम डायफ्रॅमला वर ओढतो आणि त्याच्याबरोबर स्लाइड (हवेची वाट उघडणारा सरकता तुकडा) व निडल उचलली जाते. रबराला सुईएवढे भोक असले तरी स्लाइड पुरेशी वर जात नाही. रबर हळूच ताणून उजेडासमोर घडी-घडी तपासावे, आणि बसवताना त्याची कड खोबणीत सर्व बाजूंनी बसली आहे याची खात्री करावी.

ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोट निडलचे टोक भिंगाखाली पाहावे. त्यावर गोल वळ उठलेला असेल तर निडल बदलावी. ही गळती किरकोळ समजू नये. पेट्रोल सिलिंडरमधून इंजिन ऑइलमध्ये उतरू शकते, म्हणून ऑइलची पातळी वाढलेली दिसली किंवा त्याला पेट्रोलचा वास आला, तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालूच करू नये.

जोडणी झाल्यावर इंजिन पूर्ण गरम करून स्लो लावावा. पायलट स्क्रू लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर आणून तिथून एकावेळी पाव फेरा फिरवावा आणि दर वेळी दहा सेकंद थांबून ऐकावे. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा असतो आणि बाहेर काढल्याने मिश्रण रिच होते. एअर बॉक्सच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो आणि बाहेर काढल्याने लीन होते. जिथे स्लो सर्वांत उंच आणि एकसारखा लागतो तिथे स्क्रू ठेवून मग आयडल स्क्रूने वेग गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणावा. मधल्या टप्प्यात लीनपणा उरला आणि निडलवर क्लिपच्या खोबणी असल्या तर क्लिप एक खोबण खाली घ्यावी. त्यामुळे निडल वर उचलली जाऊन पेट्रोल वाढते. उंच डोंगराळ भागात हवा विरळ असल्याने मिश्रण आपोआप रिच होते, आणि तिथे कायम चालणाऱ्या गाडीला मेन जेट लहान लागू शकतो. एकावेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा, नाहीतर सुधारणा कशाने झाली हे कधीच कळत नाही.

स्वच्छ कार्ब्युरेटर, ताजे पेट्रोल आणि नवा प्लग असूनही इंजिन थंड असताना चालू व्हायला त्रास देत असेल, तर व्हॉल्व्हचे क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट, मोजावे. ते कमी झाले की लक्षणे हुबेहूब बुजलेल्या स्लो जेटसारखी दिसतात. गाडी पुन्हा महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ उभी राहणार असेल तर कॉक बंद करून ड्रेन स्क्रूमधून वाटी रिकामी करावी आणि स्क्रू परत घट्ट लावावा.