जुने रेडिओ आणि टेप डेक दमट हवेपासून कसे जपावेत

माझ्या एका व्हॉल्व्ह रेडिओला (आत काचेच्या, तापणाऱ्या नळ्या म्हणजे व्हॉल्व्ह असलेला जुना रेडिओ) बुरशी लागली, तेव्हा तो जाड प्लास्टिकच्या पिशवीत होता. धूळ बसू नये म्हणून मीच तो नीट गुंडाळून, तोंड चिकटवून ठेवला होता. काही महिन्यांनी पिशवी उघडली तर आतल्या बाजूला बारीक थेंब, मागच्या पुठ्ठ्यावर राखाडी-पांढरे ठिपके आणि नाकात बसणारा कुबट वास. पाणी बाहेरून आलंच नव्हतं. पेटीच्या लाकडात आणि पुठ्ठ्यात मुरलेली ओल मी आतच कोंडली होती. त्या दिवसापासून माझ्याकडचं कुठलंही मोठं यंत्र प्लास्टिकमध्ये नाही. जुनी धुतलेली सुती चादर त्यावर टाकतो, म्हणजे धूळही अडते आणि हवाही खेळते.

सुरुवात आर्द्रतामापकापासून करा. साधा डिजिटल चालतो, पण आधी त्याची परीक्षा घ्या, कारण नवा मापकही पाच-सात टक्क्यांनी चुकू शकतो. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून पातळ होता कामा नये. हे झाकण आणि मापक घट्ट बंद होणाऱ्या पारदर्शक डब्यात शेजारी ठेवा. सात-आठ तासांनी आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावायला हवा. ७० दाखवला, तर पुढे प्रत्येक वेळी त्यात ५ मिळवायचे. माझ्या प्रत्येक मापकावर असा फरक चिकटपट्टीवर लिहिलेला आहे.

खोलीत ४० ते ५० टक्के आर्द्रता उत्तम. ६० ते ६५ च्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरते. ३० च्या खालीही जाऊ देऊ नका, कारण लाकूड तडकतं, वरचा पातळ पापुद्रा सुटतो आणि स्थिर विजेचा त्रास सुरू होतो.

मापक ठेवायचा तो खोलीच्या मधोमध नाही, यंत्राच्या मागे, भिंतीच्या बाजूला. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. खोलीत तापमान २५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के आहे असं धरा. तीच हवा २० अंशांच्या गार भिंतीला टेकली की तिथे आर्द्रता ८० च्या वर जाते, आणि १७ अंशांच्या खालचा पत्रा असेल तर त्यावर चक्क पाणी सुटतं. म्हणून बाहेरच्या भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा, जमिनीवर काहीही टेकवू नका. मांडणी लोखंडी आणि जाळीची असेल तर उत्तम. पुठ्ठ्याची खोकी तर काढूनच टाका. पुठ्ठा ओल पितो आणि बुरशीचं अन्नही तोच. मूळ खोकं जपायचं असेल तर ते रिकामं, वेगळं ठेवा. जुना फोमही नको, तो कालांतराने चिकट होऊन भुगा होतो.

सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, मोकळ्या खोलीत ठेवून काही उपयोग नाही, त्याला बंद डबाच हवा. सुटे व्हॉल्व्ह, कार्ट्रिज (रेकॉर्ड प्लेयरच्या सुईचा भाग), कॅसेटी अशा लहान वस्तू आधी कोरड्या खोलीत आठवडाभर उघड्या ठेवायच्या, मगच सिलिका जेलसोबत डब्यात घालायच्या. नारिंगी दाण्यांचं घ्या, ते ओल पिऊन रंग बदलतं. निळ्यात कोबाल्टचा क्षार असतो, तो विषारी आहे. ओल प्यायलेले दाणे ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवले की पुन्हा वापरता येतात. मोठ्या खोलीसाठी मात्र डीह्युमिडिफायरच, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्रच, लागतो.

चालू स्थितीतली यंत्रं महिन्यातून एकदा तासभर चालवा. व्हॉल्व्हच्या उष्णतेने आतली ओल निघते, स्विचच्या आणि आवाजाच्या बटणाच्या फिरण्याने संपर्क साफ राहतात. पण वर्षानुवर्षं सादळलेला रेडिओ थेट प्लगमध्ये घालू नका, हे कळकळीने सांगतो. जुने मेणकागदाचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) ओल पिऊन गळके झालेले असतात, म्हणजे त्यांतून नको तिथे वीज झिरपते, आणि त्या गळतीपायी आउटपुट व्हॉल्व्ह व ट्रान्सफॉर्मर दोन्ही जळू शकतात. आधी दोन आठवडे कोरड्या हवेत ठेवा, ते कपॅसिटर बदला, आणि पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये बल्ब लावा, म्हणजे रेडिओकडे जाणारी वीज आधी बल्बमधून जाईल. याचा अनुभव नसेल तर जाणकाराच्या हाती द्या, बंद यंत्रातही कपॅसिटर भारित असू शकतो.

बुरशी लागलीच असेल तर साफसफाई घराबाहेर करा. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. घरात कोरडा ब्रश मारलात तर बीजाणू उडून बाकीच्या संग्रहावर बसतात. लाकूड ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलसर केलेल्या फडक्याने पुसा, पण आधी पेटीच्या तळाशी, न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा, कारण जुनं पॉलिश अल्कोहोलने सुटू शकतं. स्पीकरच्या कागदी शंकूला ओलं काही लावू नका, मऊ ब्रशनेच झटका. आणि डायलच्या काचेची मागची बाजू! स्टेशनांची नावं त्याच बाजूला छापलेली असतात आणि जुन्या रंगाची पकड गेलेली असते. ओल्या बोळ्याच्या एका फटक्यात अक्षरं बोळ्यावर उतरतात, ती परत येत नाहीत. तिथे मऊ कोरड्या ब्रशने अलगद धूळ काढायची, एवढंच.

बॅटऱ्या सगळ्या काढून ठेवा. जुन्या संगणकांच्या बोर्डावर झाळून बसवलेली निकेल-कॅडमियमची बॅटरी आधी उतरवा. तिचं गळलेलं पाणी तांब्याच्या रेघा खात जातं आणि दमट हवेत हे काम झपाट्याने होतं. हिरवट थर दिसला तर पांढऱ्या व्हिनेगरच्या बोळ्याने उदासीन करा, मग शुद्ध पाणी, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल, आणि पूर्ण वाळेपर्यंत वीज नको.

टेपच्या बाबतीत कॅसेट उजेडात तिरपी धरून गुंडाळीची कड बघा. तिथे पांढरे तंतू किंवा ठिपके दिसले तर ती कॅसेट आपल्या चांगल्या डेकमध्ये घालू नका, हेडवरून, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावरून, बुरशी पुढच्या प्रत्येक टेपवर जाते. काही जुन्या स्पूल टेपांवर (मोठ्या उघड्या चकत्यांवर गुंडाळलेल्या टेपांवर) चुंबकीय कण धरून ठेवणारा चिकट थर हवेतली ओल शोषून मऊ पडतो. अशी टेप हेडशी चिकटते, किंचाळते, आणि हेडवर तपकिरी चिखल सोडते. किंचाळी ऐकू आली की त्याच क्षणी थांबवा, आणखी एक फूटही पुढे जाऊ देऊ नका, कारण तो चिखल म्हणजे ध्वनिमुद्रणच आहे.