तर्कभाषेचे व्याकरण कसे रचावे

‘लहान मुलींची शाळा’ म्हणजे लहान वयाच्या मुलींची शाळा, की मुलींची छोटीशी शाळा? मराठीत दोन्ही अर्थ बसतात आणि आपण संदर्भावरून निभावून नेतो. तर्कभाषेत, म्हणजे तर्कशास्त्राच्या आधारे मुद्दाम रचलेल्या भाषेत, मात्र वाक्याची मांडणी एकाच रीतीने लागली पाहिजे. जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५ मध्ये लॉगलॅन या अशाच भाषेवर काम सुरू केले, आणि पुढे तिच्यातूनच लोजबान निघाली. स्वतःची भाषा रचण्याआधी लोजबान नीट उलगडून पाहावी.

सुरुवातीला नाम, क्रियापद, विशेषण ही विभागणी बाजूला ठेवा आणि प्रत्येक मूळ शब्दाच्या जागा ठरवा. लोजबानच्या ‘क्लामा’ला पाच जागा आहेत: कोण जातो, कुठे, कुठून, कोणत्या वाटेने, कशाने. नुसते ‘मि क्लामा’ (मी जातो) म्हटले तरी वाक्य पूर्ण होते, बाकीच्या जागा मोकळ्या राहतात. माझ्या मते नवख्याने तीन जागांवर थांबावे. पाचांचा क्रम बोलताना आठवत नाही. शब्दसंग्रह वाढल्यावर हा क्रम बदलणे फार जड जाते, म्हणून इथे घाई नको.

मग शब्द एकमेकांना कसे जोडायचे ते ठरवा. लोजबानमध्ये ते डावीकडून जोडत जातात. ‘श्मालु निख्लि श्कुले’ यात लहान, मुलगी, शाळा असा क्रम आहे, त्यामुळे लहान ठरतात त्या मुली. शाळा लहान हवी असेल तर ‘श्मालु निख्लि बो श्कुले’ म्हणायचे. ‘बो’ आपल्या दोन्ही बाजूंचे शब्द आधी बांधतो. एवढ्याशा शब्दाने केवढा घोळ मिटतो!

‘किंवा’साठी दोन शब्द ठेवा: एक ‘दोन्हीही चालतील’साठी, दुसरा ‘दोहोंपैकी एकच’साठी. ‘प्रत्येक मुलाने एक पुस्तक वाचले’ यात पुस्तक सगळ्यांचे एकच की ज्याचे त्याचे वेगळे, हे शब्दक्रमावरूनच कळावे असा नियम करा. पदसमूह कुठे संपला हे सांगणारे छोटे शब्दही लागतील. जिथे घोळ होणार नाही तिथे ते गाळायची मुभा द्या, नाहीतर बोलणे रखडते.

संदिग्धता आणि मोघमपणा यांत मात्र गल्लत करू नका. ‘मोठा’ म्हणजे नेमका किती मोठा, हे व्याकरणाने सांगायचे नसते. बोलणाऱ्याला मोघम बोलण्याची मोकळीक हवीच.

शेवटी सगळे नियम संगणकाला वाचता येतील असे लिहा आणि त्याच्याकडून वाक्ये सोडवून घ्या. एका वाक्याच्या दोन मांडण्या निघाल्या, तर त्या वाक्याला अपवाद न करता नियमच दुरुस्त करा आणि आधीची सगळी वाक्ये पुन्हा तपासा.