पाणथळ जागेचा हिशेब आणि देखभाल: या चुका टाळा

पाणथळ जागेच्या आर्थिक मोलाचा अहवाल हाती आला की आधी बेरजेचं पान उघडावं. निम्मा घोळ तिथेच सापडतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एकच फायदा दोनदा धरणं. पाणवनस्पती सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस शोषून घेतात, पाणी सुधारतं, म्हणून मासळी वाढते. अहवालात मात्र ‘जलशुद्धीकरण’ अमुक आणि ‘मासेमारी’ तमुक अशा दोन पूर्ण रकमा येतात आणि त्यांची सरळ बेरीज होते. शेवटी माणसाच्या पदरात जे पडतं तेच मोजा, मधल्या पायऱ्या सोडून द्या. त्याच पाण्यामुळे खालच्या वस्तीचा पाणी शुद्ध करण्याचा खर्च वाचत असेल, तर ती रक्कम अर्थातच वेगळी धरायची.

दुसरी चूक उसन्या दराची. कुठल्या तरी देशातला हेक्टरी दर उचलायचा, आपल्या क्षेत्रफळाने गुणायचं, की आकडा तयार! 2012 च्या सँडी वादळात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या पाणथळींनी सुमारे 62.5 कोटी डॉलरचं नुकसान टाळलं, असं 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो. पण तिथे पाणथळीच्या मागे दाट वस्ती आणि महागडी मालमत्ता होती. निर्जन किनाऱ्यासाठी तो दर वापरला तर हिशेब फसलाच म्हणायचा.

पाणथळीच्या मोलाची तिच्यावर भराव घालायच्या प्रकल्पाशी तुलना करताना त्याचा नफा मालकाच्या वहीतून जसाच्या तसा उचलू नका. थायलंडमध्ये खारफुटी तोडून कोळंबीची तळी झाली. मालकाला ती फायद्याची होती, कारण त्यात सरकारी सवलती होत्या आणि बाहेर सोडलेल्या घाण पाण्याचा खर्च दुसऱ्याच्या माथी होता. साधारण 5 वर्षांत उत्पादन घसरायचं आणि तळी ओस पडायची. हे सगळं धरून अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा समाजाच्या बाजूने तो तोट्याचा निघाला.

आता देखभाल. इथे बहुतेक जण लक्षणावर औषध देतात. पाणतण पसरलं? काढा. पुन्हा पसरलं? पुन्हा निविदा. ओडिशातल्या चिलिका सरोवरात पाणतण माजलं होतं, मासळी घटली होती आणि 1993 मध्ये ते पाणथळ जागा जपण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या धोक्यातल्या स्थळांच्या यादीत गेलं. दुखणं वेगळंच होतं. समुद्राकडची वाट गाळाने चोंदल्यामुळे खारं पाणी आत येत नव्हतं. 2000 मध्ये नवं मुख खोदलं, खारेपणा परतला, गोड्या पाण्यातलं तण मागे हटलं, मासळी काही वर्षांत अनेक पटींनी वाढली आणि 2002 मध्ये सरोवर त्या यादीतून बाहेर आलं. म्हणून तणाला हात लावण्याआधी पाणी कुठून येतं, कुठे अडतं आणि सोबत काय आणतं ते पाहा. शेतातलं खत किंवा सांडपाणी येत असेल तर उपाय वरच्या अंगाला करावा लागेल. आणि उपसलेली जलपर्णी काठावर ढीग लावून ठेवू नका. ती कुजते आणि तिच्यातलं खत पहिल्या पावसात परत पाण्यात जातं.

कुंपण घालून माणसं-गुरं बाहेर काढली की जागा वाचली, हा समजही महागात पडतो. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव या पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यानात 1982 साली गुरं चारायला बंदी आली. म्हशी चरायच्या थांबल्या, गवताने उथळ पाणी व्यापलं आणि पाणपक्ष्यांना जागा उरेना. पुढे गावकऱ्यांना गवत कापायला परवानगी द्यावी लागली. चराई कुठेही कितीही चालेल असं नाही. पण बंदी घालण्याआधी त्या वापरामुळे काय टिकून आहे ते तपासा.

वर्षभर काठोकाठ पाणी ठेवायचा हट्टही नको. फिरायला येणाऱ्यांना ते छान दिसतं, पण चिखलात चोच घालणाऱ्या पक्ष्यांना ओहोटीची, उथळ पाण्याची जागा लागते.

राहिली लागवड. फिलिपिन्समध्ये खारफुटीची कितीतरी रोपं समुद्राकडच्या चिखलाच्या सखल पट्ट्यात लावली गेली. कारण ती जागा मोकळी होती, त्यावर कुणाची मालकी नव्हती. तिथे पाणी फार काळ साचून राहतं, त्यामुळे बहुतेक रोपं मेली. मूळची खारफुटी थोड्या उंचावर होती, जिथे आता मत्स्यतळी आहेत. बंद पडलेल्या तळ्याचा बांध फोडून भरतीचं पाणी आत येऊ दिलं आणि जवळपास जुनी झाडं असली, तर बऱ्याचदा रोपं पाण्यासोबत आपणहून येतात. रोपवाटिकेचा खर्च धरण्याआधी हे करून पाहा.